मुंगसाचे अनेकवचन: इंग्रजी नामांच्या ‘चुका’ आणि त्यांचा इतिहास

१/
मराठीतला ‘मुंगूस’ हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला. तेथे त्याचे ‘मॉन्गूस’ झाले. शब्दाच्या शेपटाशी इंग्रजांना आपला ओळखीचा ‘गूस’, म्हणजे कलहंस, ऐकू आला आणि स्पेलिंगही त्याच वळणावर गेले. मग प्रश्न उभा राहिला. एका ‘गूस’चे अनेक ‘गीस’ होतात. तर अनेक मुंगसांना काय म्हणावे? शब्दकोशांनी प्रमाण मानलेले रूप आहे ‘मॉन्गूसेस’. ‘मॉन्गीस’ म्हणणाऱ्याला लोक हसतात.

२/
पण ‘मॉन्गीस’ म्हणणाऱ्याने केले काय? एक नमुना पाहिला आणि तो सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दाला लावला. ‘लगेजेस’, ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘माय हेअर्स आर लाँग’ म्हणणारा मराठी विद्यार्थीही जवळपास हेच करत असतो. फरक इतकाच की त्याला मुलाखतीच्या खोलीत किंवा भरल्या वर्गात हसले जाते, आणि ते हसू पुष्कळांच्या मनात आयुष्यभर राहते. ज्या नियमांच्या जोरावर हे हसू उमटते, ते नियम आले कोठून, याचा हा धागा.

३/
सुरुवात हजार वर्षांपूर्वीपासून. इ.स. १००० च्या आसपासची इंग्रजी आजच्या इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक ओळखीची वाटावी अशी होती. तिच्यात तीन लिंगे होती आणि विभक्तीप्रत्यय होते. सूर्य म्हणजे ‘सुन्ने’, स्त्रीलिंगी. चंद्र म्हणजे ‘मोना’, पुल्लिंगी. आणि ‘वीफ’, म्हणजे स्त्री, हा शब्द चक्क नपुंसकलिंगी! ‘मूल’ आणि ‘पाखरू’ नपुंसकलिंगात वागवणाऱ्या मराठी माणसाला यात फारसे नवल वाटू नये.

४/
अनेकवचनही एका साच्याचे नव्हते. मराठीत ‘घोडा’चे ‘घोडे’, ‘माळ’चे ‘माळा’, ‘भिंत’चे ‘भिंती’, ‘घर’चे ‘घरे’ होते आणि ‘देव’ मात्र एक असो वा तेहतीस कोटी, ‘देव’च राहतो. जुन्या इंग्रजीतही तसेच होते. दगड ‘स्तान’, अनेक ‘स्तानास’. डोळा ‘एआये’, अनेक ‘एआयान’. पाऊल ‘फोत’, अनेक ‘फेत’. मूल ‘चिल्द’, अनेक ‘चिल्द्रू’. मेंढी एक असो वा शंभर, रूप तेच. प्रत्येक गटाची आपापली रीत होती आणि त्यातली कोणतीही रीत ‘अपवाद’ म्हणवली जात नव्हती.

५/
मग ही घडी विस्कटली. उत्तरेत नॉर्स भाषा बोलणारे लोक स्थायिक झाले. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली. शब्दांच्या शेवटचे वेगवेगळे स्वर झिजून एकसारखे झाले. ज्या स्वरांवर लिंग आणि विभक्ती उभी होती तेच गेल्यावर व्याकरणातले लिंग टिकणे शक्य नव्हते. अनेकवचनासाठी दोन प्रत्यय तगले: उत्तरेकडून पसरत आलेला ‘स’ आणि दक्षिणेत जोर धरून असलेला ‘न’. काही शतके दोघांची चढाओढ चालली आणि ‘स’ जिंकला.

६/
या विजयाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. ‘पुस्तक’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द होता ‘बोक’, आणि त्याचे अनेकवचन होते ‘बेच’. जसे ‘फूट’चे ‘फीट’, तसेच हे. ‘स’ प्रत्यय ज्या शब्दाचा नव्हता त्या शब्दाला लोकांनी तो लावला आणि ‘बुक्स’ हे रूप रूढ झाले. जुन्या रीतीच्या एखाद्या पंतोजीने तेव्हा वही तपासली असती, तर ‘बुक्स’खाली लाल रेघ मारली असती. आज पहिलीतले मूल अनेकवचन शिकते ते बहुधा याच शब्दावरून.

७/
गाईचेही असेच. ‘काउ’चे जुने अनेकवचन वेगळे होते, त्यावर आणखी एक ‘न’ चढवून ‘काइन’ झाले, म्हणजे अनेकवचनाचेही अनेकवचन. १६११ च्या इंग्रजी बायबलात फॅरोच्या स्वप्नात येतात त्या सात ‘काइन’च आहेत. पुढे ‘काउज’ने त्यांना हुसकावले. ‘चिल्ड्रन’ मात्र तसाच दुहेरी राहिला. ‘चिल्द्रू’चे ‘चिल्डर’ झाले, ते पुरेसे अनेकवचनी वाटेना म्हणून त्याला ‘न’ जोडला गेला. जगभरच्या शाळांत पाठ करवून घेतले जाणारे हे रूप म्हणजे एकावर एक घातलेले दोन अंगरखे आहेत.

८/
‘शीप’ आणि ‘डिअर’ का बदलत नाहीत, याचेही उत्तर इतिहासातच आहे. ज्या नपुंसकलिंगी शब्दांना अनेकवचनाचा प्रत्ययच नव्हता, त्या गटातले ते उरलेले वंशज आहेत. त्यातल्या ‘डिअर’चा जुना अर्थ हरीण नव्हता, तो कोणत्याही जनावराला लावला जाई. शब्दाचा अर्थ आकसून हरणापुरता उरला, पण त्याचे व्याकरण हजार वर्षे हलले नाही. पाठ्यपुस्तक त्याला ‘अनियमित’ म्हणते. वस्तुतः तो आपल्या काळी पूर्ण नियमित होता. त्याच्या भोवतीचा नियम बदलला.

९/
बदलाच्या काळात माणसांची कशी पंचाईत होई, याचा एक प्रसंग विल्यम कॅक्स्टनने नोंदवला आहे. इंग्लंडात छपाई आणणारा तो हाच. १४९० साली छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की झीलंडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्याने केंटच्या किनाऱ्यावर थांबले. एकाने एका बाईकडे खायला ‘एग्ज’ मागितले. ती म्हणाली, आपल्याला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. अखेर दुसरा कोणी म्हणाला, याला ‘आयरेन’ हवे आहेत. तेव्हा बाईला उमगले.

१०/
‘एग’ हा नॉर्समधून आलेला शब्द, ‘आयरेन’ हे घरचे जुने अनेकवचन. व्यापारीही इंग्रज, बाईही इंग्रज, आणि अंड्याचे अनेकवचन दोघांचे निराळे. त्या दिवशी चूक कोणाची होती? कॅक्स्टनलाही हाच पेच पडला होता, की छापायचे तर कोणती इंग्रजी छापायची. पुढे ‘एग्ज’ प्रमाण ठरले. ‘आयरेन’मध्ये काही दोष होता म्हणून हे झाले नाही. लंडन, व्यापार आणि छापखाना ज्या बाजूला होते ती बाजू जिंकली.

११/
याहून मौजेची गोष्ट वाटाण्याची. जुन्या इंग्रजीत वाटाण्याच्या एका दाण्यालाही ‘पीज’ म्हणत. त्यातला ‘ज’ मूळ शब्दाचाच भाग होता. पण ऐकणाऱ्यांना तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटला. ‘पीज’ अनेक, तर एक दाणा ‘पी’च असणार, असा हिशेब लोकांनी केला आणि भाषेत कधी नसलेला ‘पी’ जन्माला आला. ‘चेरी’ही तशीच. नॉर्मन फ्रेंचमधला ‘शरीज’ हा एकवचनी शब्द अनेकवचनी समजला गेला आणि त्याचे शेपूट छाटले गेले. हे गैरसमज आज शब्दकोशात सन्मानाने बसले आहेत.

१२/
शब्दाची सुरुवातही सुटली नाही. सापाच्या एका जातीला ‘नॅडर’ म्हणत. ‘अ नॅडर’ ऐकताना ‘न’ अलीकडच्या शब्दाला चिकटला आणि ‘अ‍ॅन अ‍ॅडर’ झाले. ‘नेप्रन’चा ‘एप्रन’ असाच झाला. उलट बाजूने ‘अ‍ॅन यूट’चा ‘न’ पुढे सरकून ‘अ न्यूट’ झाले. मराठीतील ‘नारिंग’ ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या ‘ऑरेंज’नेही आपला आरंभीचा ‘न’ गमावला. तो इंग्रजीत येण्यापूर्वीच, युरोपातल्या प्रवासात गळला.

१३/
भारतातून गेलेल्या कपड्याचे उदाहरण तर विद्यार्थ्यांना हमखास सांगावे. मराठीत ‘पायजमा मळला’ हे एकवचन. इंग्रजीत दोन पायांचा कपडा अनेकवचनी असतो, ‘ट्राउझर्स’प्रमाणे. म्हणून इंग्रजांनी हिंदुस्थानात ऐकलेल्या ‘पायजामा’ला ‘स’ जोडला आणि ‘पजामाज’ केले. आपल्या भाषेची मोजण्याची सवय त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर लादली. मराठी विद्यार्थी ‘माय पँट इज टॉर्न’ म्हणतो तेव्हा तोही आपल्या भाषेची सवय इंग्रजी शब्दाला लावतो. एकाची कृती शब्दसंपत्ती ठरली आणि दुसऱ्याची अडाणीपणा.

१४/
आता ज्या शब्दांवरून सर्वांत अधिक हसे होते, ते न मोजले जाणारे शब्द पाहू. ‘फर्निचर’ फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ पुरवठा, सज्जता. घोड्याच्या साजालाही तो लावला जाई. पुरवठा कोणी मोजत नाही, म्हणून शब्द खुर्च्या-टेबलांवर स्थिरावल्यावरही मोजला गेला नाही. ‘लगेज’ हा ‘लग’ म्हणजे ओढणे या क्रियापदापासून झाला: ओढून न्यायचे ते सगळे. मराठीतला ‘सामान’ हा शब्द अगदी याच जातीचा. चार पेट्या असल्या तरी ‘सामाने’ कोणी म्हणत नाही.

१५/
‘न्यूज’ची वाट उलटी. ‘न्यू’ या विशेषणाचे ते अनेकवचन, नव्या गोष्टी. शेक्सपिअरच्या काळी ते एकवचनी आणि अनेकवचनी, दोन्ही तऱ्हांनी वापरले जाई. कालांतराने ‘स’ तसाच राहिला आणि शब्द एकवचनी झाला. ‘अ‍ॅडव्हाइस’ आज मोजता येत नाही असे शिकवतात. पण अठराव्या शतकातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत परदेशाहून आलेल्या वार्तापत्रांना सर्रास ‘अ‍ॅडव्हायसेस’ म्हटले जात होते. आणि ‘हेअर्स’? १६११ च्या बायबलात डोक्यावरचे केस मोजलेले आहेत, तेही अनेकवचनात.

१६/
म्हणजे मोजता येणे न येणे हे वस्तूत नसते, भाषेच्या सवयीत असते. फ्रेंच माणूस फर्निचर मोजतो, माहिती मोजतो, सल्लेही मोजतो. खुर्ची पॅरिसमध्ये मोजता येते आणि लंडनमध्ये येत नाही असे नाही. इंग्रजीत ‘व्हीट’ एकवचनी आणि ‘ओट्स’ अनेकवचनी, दोन्ही धान्येच. मराठीत तरी काय वेगळे आहे? गहू दळले, तांदूळ निवडले. पण ज्वारी दळली, बाजरी निवडली. दाणे सगळ्यांचेच असतात. कांजिण्या येतात, गोवर येतो. त्यामागचे तर्कशास्त्र मराठी घरात कोणी विचारत नाही आणि कोणी चुकतही नाही.

१७/
परक्या नामांना आपल्या घरच्या रीतीने वागवण्यात मराठीही मागे नाही. पोर्तुगीजांचा ‘बताता’ स्त्रीलिंगी होता. मराठीत तो ‘बटाटा’ होऊन पुल्लिंगी झाला आणि थेट घोड्याच्या रांगेत उभा राहिला: घोडा, घोडे, घोड्याची; बटाटा, बटाटे, बटाट्याची. इंग्रजी ‘टेबल’ नपुंसकलिंगी झाले, टेबलावर पुस्तक ठेवले गेले. ‘फाइल’ स्त्रीलिंगी होऊन तिच्या ‘फायली’ झाल्या. कोणा पोर्तुगीजाने किंवा इंग्रजाने येऊन यावर लाल रेघ मारली नाही. मराठीने ते शब्द पचवले, एवढेच सगळे म्हणतात.

१८/
मग चूक आणि बरोबर यांची पक्की भिंत कधी उभी राहिली? मुख्यतः अठराव्या शतकात. रॉबर्ट लोथचे व्याकरण १७६२ चे, लिंडली मरेचे १७९५ चे. ही पुस्तके शाळांतून दीर्घकाळ चालली आणि सुशिक्षित वर्गाच्या वहिवाटीला नियमाचे रूप आले. व्याकरणशुद्धता ही प्रतिष्ठेची खूण बनली. इंग्रजी पुढे जेथे जेथे शिकवली गेली तेथे नियमांची यादी पोहोचली. त्या नियमांमागची धडपड, गैरसमज आणि तडजोडी मागेच राहिल्या.

१९/
नाम मोजता येते की नाही, हे शब्दकोशात खुणेने दाखवण्याची पद्धत तर विसाव्या शतकातली. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह केलेला कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. त्यात नामांपुढे मोजण्याजोगे की नाही याच्या खुणा होत्या. त्या कोणासाठी होत्या? परक्या विद्यार्थ्यांसाठी. कोणते इंग्रजी नाम मोजायचे हे बाहेरून तर्काने कळत नाही, ते सांगावे लागते, याची ही कबुलीच होती. जे सांगितल्यावाचून कळत नाही, ते न कळल्याबद्दल हसणे हा अन्याय आहे.

२०/
येथे एक आक्षेप रास्त आहे. सगळा इतिहास अपघातांचाच असेल तर शिकवायचे तरी कशाला? ‘लगेजेस’ही चालू द्यावे काय? याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे: नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवावे हाही संकेतच, पण तो मोडला तर अपघात होतो. नोकरीच्या अर्जात ‘फर्निचर्स’ लिहिणाऱ्याचे नुकसान होते, म्हणून त्याला प्रमाण रूप शिकवलेच पाहिजे. गुण कापायचे तर कापावेत. मात्र संकेत न पाळणे आणि बुद्धी नसणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

२१/
शिकवण्याची पद्धत मात्र बदलायला हवी. मराठी विद्यार्थ्याच्या या चुका दोन जातींच्या असतात. ‘हेअर्स’, ‘अ‍ॅडव्हायसेस’, ‘अ सिझर’ या चुकांमागे मराठी असते: केस अनेक असतात, सल्ले दोन असू शकतात, कात्री एकच असते. पण ‘इन्फर्मेशन्स’ आणि ‘फर्निचर्स’ यांचा दोष मराठीवर ढकलता येत नाही. ‘माहित्या’ कोणी म्हणत नाही. मराठीत शिरलेले ‘फर्निचर’ही एकवचनीच, ‘नवे फर्निचर आणले’. येथे विद्यार्थी इंग्रजीचाच ‘स’चा नियम गरजेपेक्षा पुढे नेत असतो. ‘बुक्स’ घडवणाऱ्यांनी केले, तेच.

२२/
दोन जातींच्या चुकांना उपायही दोन. पहिल्या जातीत दोन्ही भाषा शेजारी ठेवाव्यात: मराठी केसांना अनेक मानते, इंग्रजी त्यांना एक समूह मानते, आणि सूपमध्ये सुटे केस सापडले तर इंग्रजीही ते मोजते. दुसऱ्या जातीत विद्यार्थ्याची मराठीच त्याच्या मदतीला आणावी: ‘सामान’ जसे तसे ‘लगेज’, ‘माहिती’ जशी तशी ‘इन्फर्मेशन’. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ज्या वर्गात मराठीचा शब्द उच्चारण्याचीही चोरी असते, तेथे ही दोन मिनिटे मिळत नाहीत आणि नियम केवळ पाठांतराच्या हवाली होतो.

२३/
अशा वर्गात मराठी ही अडचण मानली जाते. गहू आणि ज्वारीतला फरक न शिकता पाळणाऱ्या मुलाकडे नामे मोजण्याची एक संपूर्ण व्यवस्था आधीच असते. इंग्रजीची व्यवस्था वेगळी आहे, वरची नाही. हे शिक्षकाने पहिल्या दिवशी सांगितले, तर मुलाची चूक त्याला स्वतःला समजेल आणि दुरुस्तही होईल. हसले गेले, तर ते मूल पुढच्या वेळी बोलणारच नाही. भाषा शिकण्यात चुकण्यापेक्षा गप्प बसण्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

२४/
म्हणून पुन्हा मुंगसाकडे. मराठी रानातून निघालेला एक शब्द, त्याला चिकटलेला इंग्रजी कलहंसाचा भास, आणि त्यातून उभा राहिलेला अनेकवचनाचा प्रश्न. ‘मॉन्गूसेस’ हे आज प्रमाण आहे आणि तेच लिहावे. पण एखाद्या मुलाने ‘मॉन्गीस’ म्हटले, तर त्याला आधी विचारावे की हे कशावरून सुचले. ‘गूसवरून’ असे उत्तर आले, तर ते मूल इंग्रजी ऐकते आहे, तिच्यातले नमुने ओळखते आहे. त्याला बरोबर रूप तेव्हाच सांगावे, आणि वाटाण्याची गोष्टही.

(समाप्त)